जावळ कुणाचं

न्हाव्याने वस्तऱ्याला धार लावली, पुसला, पुन्हा लावली. तरी बाळाच्या जवळ त्याला कुणी फिरकू देईना.

"आधी ठरवा," धाकटी म्हणाली. बाळ तिच्याच मांडीवर होतं. "केस कुठे जाणार हे ठरल्याशिवाय माझ्या लेकीच्या डोक्याला पातं लागणार नाही. एकदा उतरवले की तुम्ही सगळे तिथेच झोंबाझोंबी करणार, आणि मधे सापडणार ही."

तिचं काही चूक नव्हतं. रंगाऱ्यांच्या अंगणात, वाळत घातलेल्या निळ्या कापडांच्या सावलीत, सकाळपासून दोन घरं समोरासमोर ठाण मांडून बसली होती. अलीकडे रंगारी: थोरली, मधला आणि धाकटी ही तीन भावंडं, शिवाय मधल्याची बायको. पलीकडे होड्या बांधणारे मिस्त्री आणि त्यांची बायको, म्हणजे धाकटीची सासू, थोरलीच्या विहीणबाई. त्यांचा मुलगा, बाळाचा बाप, सगळ्यांना पाणी देत फिरत होता. बसायचं झालं असतं तर कुठल्यातरी एका बाजूला बसावं लागलं असतं, आणि तेवढी छाती त्याला नव्हती. मधोमध खुर्चीवर इमामसाहेब.

आजचा सातवा दिवस. अकीक्याचे, म्हणजे बाळाच्या नावाच्या कुर्बानीचे बकरे सकाळीच कापून झाले होते, मटणाचे वाटे शेजारीपाजारी गेले होते. नाव ठरलं होतं, आणि त्यावरून भांडण झालं नाही याचंच सगळ्यांना नवल वाटत होतं. सगळं भांडण जावळासाठी राखून ठेवलेलं होतं.

"ठरवायचं काय त्यात?" थोरली म्हणाली. "आमच्या लेकीचं बाळ, आमच्या अंगणात बसलंय. जावळ रांजणात जाणार. आमच्यात तेच असतं."

"बाळ आमच्या मुलाचं," मिस्त्री म्हणाले. "जावळ होडीत जाणार. आमच्यात तेच असतं."

"हे 'आमच्यात' म्हणजे नक्की कशात?" इमामसाहेबांनी हळूच विचारलं.

"मुसलमानांत," दोघांनी एका दमात सांगितलं.

इमामसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

रांजण म्हणजे मागच्या पडवीतला जुना रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. थोरलीच्या पणजोबाच्या आधीपासून तो कधी रिकामा झाला नव्हता. त्यात नीळ आंबत असे. कोंडा, गूळ, चुना घालून त्याचं पोट सांभाळायचं, सकाळ-संध्याकाळ कोपरापर्यंत हात घालून तो हलवायचा, आणि बाकीच्या सगळ्या रांजणांना विरजण त्यातूनच द्यायचं. तो नासला तर घर बसलं. म्हणून घराचा एक कायदा होता: ज्याचं जावळ फातेहा वाचून त्या रांजणात पडलं, त्याचाच हात त्यात जाणार. दुसऱ्या कुणाचा नाही. लग्न करून आलेल्या सुनेचा तर नाहीच नाही.

थोरलीचं जावळ त्यात होतं. धाकटीचं होतं, पण ती होडीवाल्यांच्या घरात गेली. मधल्याचंही होतं, पण मधल्याला चार वर्षांपूर्वी धर्म कळला. तो एका अभ्यासमंडळात जाऊ लागला, पायजमा घोट्याच्या वर गेला, आणि एके दिवशी त्याने जाहीर केलं की केस मडक्यात टाकून बरकत मागणं हा शिर्क आहे, अल्लाला वाटेकरी जोडणं आहे. दोन्ही मुलांचं जावळ त्याने गुपचूप पुरून टाकलं आणि स्वतः दुकानात जाऊन बसला.

"रांजण हराम," थोरली तेव्हा म्हणाली होती, "आणि त्यातून निघालेलं कापड विकायला हलाल. छान आहे तुझं मंडळ."

आता थोरलीचा उजवा खांदा आखडला होता. हात वर जाताना कळ मस्तकात जायची. तिला मूलबाळ नव्हतं, लग्न तिने केलंच नव्हतं. ज्याच्यासाठी रांजण सोडून जावं असा माणूस भेटला नाही, आणि भेटला त्याला रांजण नको होता. तिच्यामागे त्या पाण्यात हात घालायला या घरात कुणी उरलं नव्हतं. उरलं होतं ते धाकटीच्या मांडीवरचं हे एवढंसं, मूठभर काळ्या लवेचं. आज ती लव रांजणात पडली नाही तर पुढे काय, याचा विचार थोरली करत नव्हती. म्हणजे करत होती, रोज, पण कुणाला कळू देत नव्हती.

"विहीणबाई," ती गोड आवाजात म्हणाली, "तुमच्याकडे पोरींचं जावळ होडीत घालत नाहीत म्हणे. फक्त पोरांचं. मग आजच कुठून उमाळा आला?"

वार बरोबर बसला होता. होडीवाल्यांची रीत अशी की नवी होडी बांधताना फळ्यांच्या सांध्यांत तागाचे पेड ठोकायचे, वर राळ आणि डांबर ओतायचं, आणि घरात मुलगा जन्माला आला असेल तर एका सांध्यात त्याचं जावळ घालायचं. मुलींचं पुरायचं. मिस्त्री खाकरले आणि बायकोकडे पाहू लागले.

विहीणबाई पदर सावरून बसल्या. "खरंय. आजवर नाही घातलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या घरातल्या प्रत्येक होडीचं डांबर मी उकळलंय. माझी भुवई जळाली ती परत आली नाही, बघा. पाण्यावर उतरली की होडी कुणाची? यांच्या आजोबांची, यांची, यांच्या मुलाची. मी काठावर उभी राहून दुवा मागायची. माझा एक केस त्या लाकडात नाही. या पोरीचा जाणार."

"अगं, पण आपल्यात तसं..." मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. मुलीला एक बकरा पुरतो असं तुमचे इमामसाहेबच म्हणत होते ना? मी दोन आणले. मग? एक परत चालत गेला का?"

"दोन आणल्याने गुन्हा होत नाही," इमामसाहेब घाईने म्हणाले.

थोरलीला क्षणभर ही बाई आवडली. मग तिने स्वतःला सावरलं. शत्रूची बाई आवडून चालत नाही.

तेवढ्यात मधला उठून उभा राहिला. तो बोलायला उठून उभा राहायचा, मंडळात शिकला होता. "मी स्पष्टच सांगतो. रांजण काय आणि होडी काय, दोन्ही बिदअत. धर्मात नसलेली भर. केस उतरवायचे, केसांच्या वजनाइतकी चांदी गरिबाला द्यायची, संपलं. बाकी सगळं अडाणीपण आहे, आणि अडाण्यांमुळेच आपली कौम..."

"मान्य," मिस्त्री म्हणाले. "तसं असेल तर केस माझ्याकडे द्या. मी ते धर्मात नसलेल्या होडीत टाकतो आणि गुन्हा माझ्या डोक्यावर घेतो."

"तुमच्या होडीत?" मधल्याचा आवाज चढला. "आमच्या घरचं जावळ तुमच्या डांबरात? का म्हणून? टाकायचंच असलं तर आमचा रांजण काय मेला?"

मधल्याच्या बायकोने तोंडावर ओढणी धरली. खांदे मात्र हलत होते.

"भाऊ," धाकटी म्हणाली, "तुझं मंडळ कुठे गेलं?"

मधला खाली बसला. असं असतं. माणूस जन्मभर धर्म धर्म करत राहतो आणि राखत असतो आपल्या आजीची सवय. दुसऱ्याची आजी ती अडाणी, आपली आजी ती शरियत. हे तोंडावर कबूल करण्याची धमक पुरुषांत तर नसतेच, शिकलेल्या पुरुषांत तर औषधालाही नसते.

"डांबराचा विषय निघालाच आहे," थोरलीने संधी साधली, "तर इमामसाहेब, एक शंका. डांबराचा थर नखांवर चिकटून राहतो. त्याच्याखाली पाणी पोचत नाही. मग नमाजाआधी हातपाय धुऊन यांचा वुजू होतो कसा?"

"आणि ह्यांचे हात पाहा!" मिस्त्री उसळले. "कोपरापर्यंत निळे! नमाजात हात बांधून उभ्या राहतात तेव्हा वाटतं मारामारी करून आल्यात."

"डाग आणि थर यांत फरक आहे," इमामसाहेब म्हणाले. त्यांना अखेर आपल्या माहितीचा प्रश्न मिळाला होता. "रंगाचा नुसता डाग असेल तर पाणी कातडीला लागतं, वुजू होतो. डांबराचा थर मात्र खरवडून काढावा लागतो."

"ऐकलंत?" थोरली म्हणाली. "तुमची इतक्या वर्षांची नमाज पुन्हा पढा आता."

"मी रॉकेलने धुतो हात! रोज!"

"म्हणून मशिदीत पहिल्या रांगेत दिव्यासारखा वास येतो."

धाकटीला हसू फुटलं, त्या धक्क्याने बाळ जागं झालं आणि सगळ्यांवर ओरडलं. बाळाचा बाप पाण्याचा तांब्या घेऊन धावला. सात दिवसांच्या बाळाला तांब्याने पाणी पाजत नाहीत हे त्याला वाटेत आठवलं, म्हणून त्याने ते इमामसाहेबांना दिलं.

इमामसाहेब पाणी प्यायले. "माझं ऐका. मी दुसऱ्या मुलखातला माणूस. तुमच्या रांजणाशी माझं वैर नाही, होडीशी सोयरीक नाही. केस उतरवा, तोला, चांदीचा सदका द्या. ते नक्की आहे. आणि केस नुसते साधेपणाने, आपले, डाळिंबाच्या झाडाखाली पुरून टाका."

थोरलीचे कान टवकारले. "डाळिंबाच्याच का?"

"म्हणजे... तिथे कुणाचा पाय पडत नाही."

"पेरूच्या झाडाखाली पडतो?"

"नाही, पण डाळिंबाचं असलेलं बरं."

"आणि डाळिंब नसलं दारात तर?"

"तर लावतो आम्ही. बाळ व्हायच्या आधीच लावून ठेवतो." इमामसाहेब बोलून गेले आणि मग त्यांना कळलं की आपण काय बोललो. त्यांचे कान लाल झाले. "आमच्याकडे असं असतं," ते पुटपुटले.

हसण्याचा असा काही लोट उठला की न्हावीही हसला. मिस्त्रींनी तर मघाशी वैरी असलेल्या मधल्याच्या पाठीवर थाप मारली. इमामसाहेब आधी ताठ बसून राहिले, मग त्यांनाही राहवलं नाही. "माझ्या डाळिंबाला फळं फार गोड आली होती, शप्पथ घेत नाही, पण खरंच सांगतो," ते म्हणाले.

याच हसण्यात धाकटीने न्हाव्याला खूण केली. तिने मनाशी हिशोब केला असावा की ही माणसं याहून शहाणी होणार नाहीत. "उरका," ती म्हणाली. न्हाव्याने बिस्मिल्ला म्हटलं आणि वस्तरा चालवला.

आणि नेमकी तेव्हाच पडवीतून मधल्याच्या बायकोची हाक आली. ती कधी उठून आत गेली ते कुणी पाहिलं नव्हतं. "आपा! जुना रांजण फेस सोडतोय! साय फुटली वरची!"

थोरली सगळं टाकून पळाली. सकाळपासूनच्या भांडणात रांजण हलवायचा राहून गेला होता. या घरात कुणाच्या मयतीलाही तो राहिला नव्हता, आज राहिला. तिने बाह्या सारून दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. पाणी कोमट होतं, जिवंत होतं. खांद्यातून कळ उठली तशी तिने दात आवळले आणि तळापासून हलवायला सुरुवात केली. वहिनी, म्हणजे मधल्याची बायको, दाराच्या चौकटीबाहेर उभी होती. आत यायची तिला मनाई होती, आणि ती मनाई थोरलीनेच घातली होती.

"उजवा हात उचलत नाहीय तुमचा," वहिनी म्हणाली.

"तू आपलं बघ."

"आपलंच बघतेय. बाकीचे सगळे रांजण मीच हलवते ना? हा मेला तर त्यांना विरजण कुठून आणू?"

थोरली उत्तर देणार तोच अंगणातून विहीणबाईंचा आवाज आला, "आण, आण ते ताट इकडे!"

थोरलीने पुढचा-मागचा विचार केला नाही. करायला हवा होता. ती तशीच धावली, दोन्ही हातांवरून पाणी निथळत, आणि न्हाव्याच्या ताटातलं जावळ विहीणबाईंच्या बोटांना लागायच्या आत तिने मुठीत उचललं.

"माझ्या घरचं आहे!" ती ओरडली.

आणि मग तिने मूठ उघडली, कारण विहीणबाई, मिस्त्री, इमामसाहेब, सगळेच तिच्या मुठीकडे बघत होते.

रांजणातलं पाणी बाहेर आलं की आधी पिवळट-हिरवं दिसतं. वारा लागला की निळं होतं. ओल्या हातांनी कोरडं कापडसुद्धा उचलायचं नाही, हे या घरातल्या पोराला चालायला लागल्याबरोबर शिकवतात. तिच्या तळहातावर बाळाची काळी लव भिजून हिरवट झाली होती, आणि बघता बघता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कडेने तिच्यावर निळी झाक चढत गेली. बाळ तेवढं आपल्या गुळगुळीत डोक्यानिशी जांभई देत होतं.

"आता हे तोलायचं कसं?" शेवटी न्हाव्याने विचारलं. "पाण्याने भारी झालेत."

"पिळून तोला," मधला म्हणाला.

"ओलेच तोला," विहीणबाई म्हणाल्या. "गरिबाला चांदी जरा जास्त जाईल. इमामसाहेब, गुन्हा?"

"नाही," इमामसाहेब म्हणाले. "जास्त देण्याने कधीच नाही."

रंगाच्या काट्यावर ओलं जावळ तोललं गेलं. मिस्त्रींनी चांदी काढली, तितकीच मधल्याने काढली, दोघांनी एकमेकांकडे तिरकं पाहिलं, आणि दोन्ही वाटे इमामसाहेबांच्या स्वाधीन केले. दुवा झाली. सगळ्यांचे हात सारखेच वर गेले, निळे, काळे, स्वच्छ. त्या एका मिनिटात कुणाच्या घरात काय असतं ते ओळखू आलं नसतं.

दुवा संपली तरी जावळ ताटातच होतं. विहीणबाईंनी हात पुढे केला नाही. त्या नुसत्या थोरलीकडे बघत होत्या, जळालेल्या भुवईने.

थोरलीने जावळाकडे पाहिलं. रांजणाने त्याला धरलं होतं. ही नीळ आता साबणाने निघणार नव्हती, मीठपाण्याने निघणार नव्हती. रांजणात पडून तरी याहून वेगळं काय झालं असतं? आणि काठावर उभी राहून दुवा मागणारी बाई तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"न्या," ती म्हणाली. "होडीत घाला. पण निळं आहे हे विसरू नका. मोठी झाली की ती इथे येईल आणि रांजणात हात घालेल. तिला माझा कायदा आडवा येणार नाही."

"होडी पाण्यावर जाईल तेव्हा तुम्ही या," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी जावळ पदराच्या टोकात बांधलं. त्यावर निळा डाग पडला, त्यांनी तो झटकला नाही. "काठावर नाही. आत बसायला."

मिस्त्रींनी तोंड उघडलं. बायकोने पाहिलं. त्यांनी मिटलं.

लोक उठू लागले. थोरली पडवीकडे वळली, अर्धवट राहिलेलं हलवणं पुरं करायला. वहिनी अजून तिथेच होती, चौकटीच्या बाहेर, पाय उंबऱ्याला टेकवून.

"आपा, एक विचारू?"

"विचार की."

"जावळ रांजणात पडलं नाही. रांजणाचं पाणी जावळाला लागलं. तरी ती पोर रांजणाची झाली?"

"झाली म्हणाले ना."

"मग माझ्या केसांना लावा."

थोरली थांबली. मागून मधला येऊन उभा राहिला होता. "हे काय भलतंच? ही बाहेरून आलेली, हिच्या घरी नीळ कशाशी खातात ते माहीत नव्हतं. आणि मोठ्या बाईचं कसलं जावळ? असं आपल्यात..."

"आपल्यात काय?" वहिनी म्हणाली. आवाज चढला नाही. "तुमच्या हिशोबाने हे सगळं शिर्क आहे. मग तुमच्या शिर्कात कोण जाणार आणि कोण नाही, ते तुम्ही का ठरवताय? दुकानात जा. गिऱ्हाईक उभं आहे."

अंगणातून विहीणबाईंचं खणखणीत हसू ऐकू आलं. मधला दुकानात गेला. गिऱ्हाईक नव्हतं, तरी गेला.

थोरलीला खूप काही म्हणता आलं असतं. वाडवडील, कायदा, बरकत. हे सगळं ती या बाईला इतक्या वेळा ऐकवत आली होती की शब्द तोंडात तयार होते. पण मघाशी तिनेच कायदा वाकवला होता, सगळ्यांसमोर, आणि आभाळ जागच्या जागी होतं. वाकवला तो मांडीवरच्या लेकरासाठी. ही मात्र दाराशी उभी राहून केस पिकवत होती. थोरलीला स्वतःची शरम वाटली आणि शरमेचा राग आला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून ती खेकसली, "उभी काय राहिलीस? ये आत!"

वहिनीने उंबरा ओलांडला. रांजणापाशी गुडघे टेकले. तिने वेणी पुढे घेतली, आणि थोरलीने आपल्या हाताने वेणीचं टोक धरून पाण्यात बुडवलं. बाहेर काढलं तेव्हा ते हिरवट होतं. दोघी बघत राहिल्या. वारा लागला, आणि पांढऱ्या केसांवर आधी, काळ्यांवर मागून, निळं चढलं.

"बाह्या सार," थोरली म्हणाली. "तळापासून हलवायचं. घाई करायची नाही, धसमुसळेपणा तर अजिबात नाही. बुडबुडे आत जाऊ द्यायचे नाहीत. आणि हात घालायच्या आधी बिस्मिल्ला म्हण."

वहिनीने दोन्ही हात पाण्यात घातले, कोपरापर्यंत.

"ते म्हणून झालंय, आपा," ती म्हणाली. "लग्न करून आले तेव्हापासून रोज म्हणतेय, दारात उभी राहून."